शिष्ट, सभ्य, वळणदार : शिष्टाचार शिकविणाऱ्या व्यवसायाच्या नामकरणाचा विचार

१

चारचौघांत कसे बोलावे, घरी आलेल्याचे स्वागत कसे करावे, मेजवानीच्या टेबलावर काटा-चमचा कसा धरावा, वरिष्ठास पत्र लिहिताना आरंभ आणि शेवट कसा करावा, हे मोबदला घेऊन शिकविणारे वर्ग आपल्या शहरांतून चालतात. असा वर्ग नव्याने काढणाऱ्यापुढे एक अडचण अगदी आरंभीच उभी राहते, ती नावाची. दिसायला हा व्यापारी प्रश्न आहे. वस्तुतः तो शब्दार्थाचा आणि समाजेतिहासाचा आहे. किराण्याच्या दुकानाला मालकाच्या आजीचे नाव चालते. गणिताच्या शिकवणीच्या पाटीवर ‘गणित’ लिहिले म्हणून तेथे जाणारा मुलगा दुखावत नाही. शिष्टाचाराच्या वर्गाचे नाव मात्र त्या वर्गाचा जिना चढणाऱ्याविषयीच काही बोलून जाते. गणित न येणे ही उणीव होय. रीत न येणे हा मराठी माणसाच्या लेखी दोष, आणि तोही त्या एकट्याचा न राहता त्याच्या घरावर जाणारा.

यावर रूढ झालेला तोडगा म्हणजे इंग्रजी नाव. ‘एटिकेट’, ‘ग्रूमिंग’, ‘फिनिशिंग स्कूल’ या शब्दांना मराठी कानात घर नाही, म्हणून ते कोणाच्या घरावर जात नाहीत. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिने लहानमोठ्या सर्व आस्थापनांना देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक केला व त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असेही ठरविले. व्यवहारात लिपी बदलली, शब्द बहुधा तेच राहिले. ‘द फिनिशिंग स्कूल’ हे देवनागरीत वाचणाऱ्या अनोळखी माणसास तेथे नेमके काय संपविले जाते असा प्रश्न पडला, तर त्याला हसता येणार नाही. तेव्हा मराठीत या व्यवसायास नाव देता येते काय, आणि येत नसेल तर मराठी शब्द कोठे अडतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

२

पहिला शब्द अर्थातच ‘शिष्टाचार’. तो जितका उघड, तितकाच अवघड. ‘शास्’ म्हणजे शिकविणे, आज्ञा करणे, या धातूपासून ‘शिष्ट’ सिद्ध होतो. म्हणजे शिष्ट तो, ज्याला शिकविले गेले आहे. शिकविण्याचा धंदा करणाऱ्यास याहून अनुकूल व्युत्पत्ती मिळणार नाही. परंतु शब्दाचा इतिहास व्युत्पत्तीच्या मागे आज्ञाधारकपणे चालत नाही. धर्मसूत्रांत आणि व्याकरणात ‘शिष्ट’ हे विशेषण कोणत्याही सुशिक्षितास लागत नाही. बौधायनाने शिष्टाची लक्षणे सांगितली, त्यांत मत्सर व अहंकार नसणे, मडकेभर धान्यावर समाधानी असणे, लोभ, दंभ, दर्प, मोह आणि क्रोध यांपासून मुक्त असणे ही लक्षणे येतात. पतंजलीने महाभाष्यात ‘पृषोदर’ आदी शब्दांच्या सूत्राची चर्चा करताना शिष्टांचा निवासही सांगितला. तो आर्यावर्त, त्याची दक्षिण सीमा पारियात्र पर्वत. म्हणजे पतंजलीच्या नकाशावर गोदाकाठचा माणूस शिष्टांच्या प्रदेशाबाहेर पडतो, ही गोष्ट महाराष्ट्रात ‘शिष्ट’ शब्दाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी सहसा ध्यानात घेतलेली नाही.

त्याच स्थळी पतंजलीने एक प्रश्न उपस्थित केला आहे आणि तो प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जातो. शब्दांच्या बाबतीत शिष्टच प्रमाण असतील, तर अष्टाध्यायीचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर असे, की अष्टाध्यायी ही शिष्ट ओळखण्यासाठी आहे. व्याकरण शिकलेला मनुष्य न शिकताच शुद्ध बोलणाऱ्या दुसऱ्या मनुष्यास पाहतो, आणि ज्या अर्थी शास्त्रात सांगितलेले प्रयोग हा शास्त्र न शिकता करतो त्या अर्थी याच्या ठिकाणी काही विशेष आहे, असे ताडतो. शास्त्र शिकून शिष्ट होता येते, असे येथे म्हटलेले नाही. शिकलेल्यास इतकाच लाभ, की त्याला खरा शिष्ट ओळखता येतो. शिष्टाचाराच्या आधुनिक वर्गाची सारी कोंडी या दोन वाक्यांच्या संवादात आधीच दिसते. वर्गात जाऊन जे मिळते ते ओळख मिळते. ज्यांच्यात उठायबसायचे त्यांचे संकेत वाचता येऊ लागतात. पण ज्याचे वर्तन न शिकता आलेले दिसते, तोच खरा, हा दंडक तसाच राहतो. म्हणून शिकून आलेल्याला शिकल्याची खूण पुसावी लागते, आणि वर्गाचे नाव ही त्यातली सर्वांत ठळक खूण.

शिवाय, शिष्टांचा आचार तरी एक कोठे होता? बौधायनानेच दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील पाच-पाच विवाद्य आचारांची यादी दिली आहे. दक्षिणेत उपनयन न झालेल्याबरोबर व पत्नीबरोबर एकत्र जेवतात, शिळे अन्न खातात, मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाह करतात. उत्तरेत लोकर विकतात, मद्य पितात, शस्त्रांचा व्यापार करतात, समुद्रावर जातात. एका बाजूचे दूषण ते दुसऱ्या बाजूची चाल. कुमारिल भट्टालाही तंत्रवार्त्तिकात शिष्टाचाराचे प्रामाण्य मांडताना या देशाचारांपाशी बराच वेळ थांबावे लागले. पत्नीबरोबर एका पंक्तीस बसणे हे ज्या ग्रंथपरंपरेत शंकास्पद ठरले, त्याच परंपरेतला शब्द आज पती-पत्नीस एका टेबलावर कसे बसावे हे शिकविणाऱ्या वर्गाने घ्यावा, यात गंमत आहे.

आधुनिक मराठीने तर या शब्दाचे तीन तुकडे केले. ‘शिष्टाई’ म्हणजे मध्यस्थी. कृष्णाने कौरवसभेत केली ती. ‘शिष्टमंडळ’ म्हणजे गाऱ्हाणे किंवा मागणी घेऊन जाणारे प्रतिनिधी. शासनव्यवहारात ‘राजशिष्टाचार’ म्हणजे कोणी कोणाच्या आधी चालावे याचे नियम. हे तिन्ही सन्मानाचे. मात्र नुसता ‘शिष्ट’ हा शब्द माणसाला लावला, की बोलीत त्याचा अर्थ आढ्यतेखोर, स्वतःस शहाणा समजणारा, असा होतो. ‘ती जरा शिष्टच आहे’ हे वाक्य कोणत्याही मराठी घरात स्तुती म्हणून उच्चारले जात नाही. ‘शिष्टपणा’ हा अवगुण आहे. ‘शिष्टाचार म्हणून गेलो होतो’ याचा अर्थ मनातून जायचे नव्हते. आणि ‘भ्रष्टाचार हाच शिष्टाचार’ ही कोटी तर इतकी झिजली आहे की तिच्यावर हसणे हाही आता शिष्टाचाराचाच भाग झाला आहे. ज्या शब्दाची लोकांनी अशी शतकानुशतके चेष्टा केली, तो पाटीवर रंगविणे हे धाडसाचे. लोकांनी ही चेष्टा का केली असावी, याचे उत्तर बौधायनाच्या यादीत शोधता येते. ज्याने दर्प नसणे हेच आपले लक्षण म्हणून मिरविले, त्याचा दर्प शेजाऱ्यांना सर्वांच्या आधी दिसला.

३

विद्येच्या विक्रयाचा प्रश्नही नावाशी जोडलेला आहे, आणि त्याचे भारतीय कथासाहित्यातले सर्वांत प्रसिद्ध स्थळ पंचतंत्राच्या कथामुखात आहे. दक्षिण जनपदातील महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याला तीन पुत्र. तिघांच्याही नावात ‘शक्ती’ हे पद आहे आणि तिघेही बुद्धीने मंद. विष्णुशर्म्यास राजा शंभर गावांची सनद देऊ करतो. विष्णुशर्मा ती नाकारतो. शंभर सनदा मिळाल्या तरी आपण विद्या विकणार नाही, असे सांगतो, आणि पुढे पण लावतो तो असा, की सहा महिन्यांत या मुलांना नीतिशास्त्र आले नाही, तर आपण आपल्या नावाचा त्याग करू.

नीतिकथांच्या अभ्यासकांनी या पणाकडे बहुधा अतिशयोक्तीचा अलंकार म्हणून पाहिले आहे. त्यात व्यवहाराचे एक अचूक ज्ञानही आहे. जो वर्तन शिकवितो त्याच्याजवळ गहाण ठेवण्यासारखे नावाखेरीज काही नसते. सुताराच्या हातून खुर्ची मोडली तर ती दिसते. वर्तन बिघडले तर ते विद्यार्थ्याच्या नावावर जाते, म्हणून शिक्षक आधीच आपले नाव पुढे करतो. युरोप-अमेरिकेत या धंद्याची नावे पाहिली तर हेच दिसते. एमिली पोस्ट यांचे शिष्टाचारावरील पुस्तक १९२२ साली निघाले आणि १९४६ साली संस्था स्थापन झाली ती त्यांच्याच नावाने. लंडनच्या डेब्रेट या प्रकाशनसंस्थेचे नाव अठराव्या शतकातील जॉन डेब्रेट या प्रकाशकाचे. उमराव घराण्यांच्या वंशावळी छापता छापता ते शिष्टाचाराचे नाव झाले. स्वित्झर्लंडमध्ये ग्लिऑन येथे १९५४ साली निघालेल्या प्रसिद्ध शाळेने तर एका बंगल्याचे, ‘व्हिला पिएरफ’चे, नाव घेतले. व्यक्तीचे नाव, घराण्यांच्या ग्रंथाचे नाव, घराचे नाव. ‘येथे वागणे शिकवितात’ असे एकही नाव म्हणत नाही. जणू विद्यार्थिनी शिकावयास गेलीच नव्हती, त्या घरी काही दिवस राहावयास गेली होती.

‘एटिकेट’ हा शब्दही मूळचा फ्रेंचमधला, त्याचा मूळ अर्थ चिकटविलेली चिठ्ठी. सामानावर असते तशी. ते मूळ आता इंग्रजी बोलणाराही विसरला आहे, पण वर्गाच्या पाटीविषयी बोलताना ते आठवणे अप्रस्तुत नाही.

विष्णुशर्म्याच्या ग्रंथाचे नावही पाहण्यासारखे आहे. कथामुखात राजपुत्रांच्या मूर्खपणाला काही आडपडदा ठेवलेला नाही, परंतु नावात त्याचा मागमूस नाही. नाव केवळ पाच तंत्रे मोजते. दासबोधात रामदासांनी नेमके उलटे केले. दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास ‘मूर्खलक्षण’, दुसरा ‘उत्तम लक्षण’, आणि दशकाच्या शेवटी ‘पढतमूर्ख’. मुलांना जेवणे, बोलणे, चालणे यांतील चुका दाखविण्यासाठी महाराष्ट्रात या समासाचा जितका उपयोग झाला तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. तरीही त्याने कोणी दुखावले नाही. कारण ‘मूर्ख’ हा तेथे सदैव तृतीय पुरुषात आहे. ऐकणारा यादीतले प्रत्येक लक्षण शेजाऱ्यावर घालून पाहतो, आणि एखादे मुकाट्याने स्वतः सोडतो. ग्रंथाला ही सोय आहे. वर्गाला ती नाही. वर्गाच्या दारात विद्यार्थ्याला स्वतःच्या पायांनी यावे लागते.

उर्दूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्तनसुधारणेच्या लेखनाला नावे देताना जी कुशलता दिसते, तिचा येथे उल्लेख केलाच पाहिजे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० साली आपल्या नियतकालिकाला ‘तहज़ीब-उल-अख़लाक़’ असे नाव दिले. १८९८ साली लाहोरहून स्त्रियांसाठी ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ निघू लागले. ‘तहज़ीब’ या अरबी शब्दाच्या मुळाशी छाटणी करून नीट करण्याची कल्पना आहे. झाड तेच, फांद्या नीट. परंतु याहून चतुर नावे पुस्तकांची. नज़ीर अहमद यांची १८६९ ची ‘मिरात-उल-उरूस’, म्हणजे नवरीचा आरसा. अशरफ़ अली थानवी यांचे ‘बहिश्ती ज़ेवर’, म्हणजे स्वर्गीय अलंकार. आरसा आणि दागिना या लग्नात मुलीला द्यावयाच्या वस्तू आहेत. शिकवण अहेर होऊन येते, आणि अहेर स्वीकारण्यात कमीपणा नसतो.

४

मराठीतील फार्सी-अरबी थर या विषयात संस्कृत थराइतकाच दाट आहे. ‘अदब’, ‘मुलाहिजा’, ‘मुर्वत’, ‘शिस्त’, ‘कित्ता’ हे शब्द राज्यव्यवहारकोशाच्या खटपटीनंतरही मराठीतून गेले नाहीत. कारण ते दरबारातून फडावर आणि फडावरून घरात उतरले होते. ‘अदब’ उर्दूत शिष्टाचारही आहे आणि साहित्यही. साहित्यिक तो ‘अदीब’. मराठीने त्याचा अर्धाच अर्थ घेतला. मराठीत अदब ठेवायची ती वरच्यापुढे, आणि ‘अदबीने’ उभे राहणाऱ्याची मान खाली असते. बरोबरीच्या दोघांमध्ये अदब असते असे मराठी वाक्य सहज सुचत नाही. वर्गाचे नाव ‘अदब’ ठेवले तर ते लखनौस शोभेल; सांगलीत ते चोपदाराची आठवण करून देईल.

‘शिस्त’ हा शब्द कानाला ‘शिष्टा’चा भाऊ वाटतो. तसा तो नाही. तो फार्सीतून आलेला असून त्याचा जुना अर्थ बंदुकीचा नेम. नेमाच्या सरळ रेषेवरून तो पुढे वागणुकीच्या सरळपणाकडे वळला. दोन परक्या कुळांतले शब्द एकाच अर्थक्षेत्रात शेजारी येऊन बसले आणि पाहणाऱ्याने त्यांना भावंडे मानले, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत विरळा. परंतु शिस्त शाळेची, सैन्याची, रांगेची. जेवणावळीत शिस्त पंक्तीला असते, आग्रहाला नसते.

देशी शब्दांत सर्वांत समृद्ध शब्द ‘वळण’. चांगल्या वळणाचा मुलगा, वळणदार अक्षर, वळण लावणे, घरचे वळण. अक्षर आणि वर्तन या दोहोंना एकच शब्द लागावा ही मराठीची मार्मिक सूझ आहे. रामदासांनी लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला, तोही याच जाणिवेने. वळण हे दुसऱ्याच्या हाताने लागते, पण लागल्यावर ते स्वतःच्या हाताचे होते. इतके असूनही नाव म्हणून ते अडते, कारण वळण लहानपणीच लागावयाचे असते. प्रौढ माणसास वळण लावण्याची भाषा करणे म्हणजे त्याच्या आईबापांनी काही केले नाही असे सुचविणे होय. घाटरस्त्यांनी ‘धोकादायक वळण’ अशा पाट्या लावून या शब्दाचे पाटीवरचे भवितव्य आणखी बिघडविले आहे, हे वेगळेच.

‘संस्कार’ या शब्दाने ही अडचण दूर होईल असे वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीतील ‘संस्कार वर्ग’ सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) या शब्दाला जो आईच्या हाताचा ओलावा दिला तो नाकारता येणार नाही. परंतु संस्कार हे प्रथम गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे विधी होते, आणि धर्मशास्त्राने ते सर्वांना सारखे दिले नव्हते. उपनयन शूद्राला नाही. स्त्रीला बहुतेक संस्कार मंत्रावाचून. ‘संस्कार नाहीत’ हा शेरा आज एखाद्याच्या बोलण्याचालण्यावर मारला जातो, तेव्हा त्यामागे हा सारा नकार उभा असतो, बोलणाऱ्यास त्याची जाणीव असो वा नसो.

५

नाव हा केवळ रुचीचा प्रश्न नाही, हे येथे स्पष्ट व्हावे. महाराष्ट्रात अभिवादनाचा एक शब्द कोणी वापरावा हा राज्यकारभाराचा विषय झालेला आहे. पेशव्यांकडून आलेल्या तक्रारीवरून १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने तेथील सोनारांना ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरण्यास मनाई केली. सोनारांनी काही चोरले नव्हते. त्यांनी एक शिष्ट शब्द उच्चारला होता. याच समाजात महाराने ‘जोहार’ म्हणावे असा दंडक होता. चोखामेळ्याच्या अभंगांतून आणि एकनाथांच्या भारुडांतून तो शब्द आज वाङ्मयाच्या अभ्यासकास भक्तीच्या सुरात ऐकू येतो, परंतु गावाच्या वेशीत तो दूर उभे राहून म्हणावा लागे. आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ टाकला आणि ‘जयभीम’ घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण करताना, लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि जे दागिने पाहताक्षणी जात सांगतात ते सोडून द्या, असे सांगितले. ज्यांना शिष्टाचाराचा इतिहास लिहावयाचा आहे त्यांनी या भाषणास एमिली पोस्ट यांच्या पुस्तकाइतके तरी स्थान द्यावे. दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या आहेत. एकीकडे उच्चभ्रूंच्या खुणा शिकून घ्यावयाच्या होत्या, दुसरीकडे लादलेल्या खुणा उतरवून ठेवावयाच्या होत्या.

या इतिहासामुळे आजच्या वर्गाच्या नावाला एक कसोटी लागते. ज्या घरातला मुलगा प्रथमच कचेरीत नोकरीस लागला आहे, ज्याला भोजनप्रसंगी काटा कोणत्या हातात हे ठाऊक नाही आणि त्यावाचून त्याचे अडते आहे, त्याला हे ज्ञान हवे आहे आणि ते मिळण्याचा त्याला हक्क आहे. हे ज्ञान त्याच्या आईच्या शिकवणीवर ठपका ठेवल्यावाचून त्याला मिळावे. ‘शिष्ट’, ‘संस्कार’, ‘वळण’ या तिन्ही शब्दांना ते जमत नाही.

६

शेजारच्या भाषांकडे वळावे, तर तेथूनही शब्द जसाच्या तसा उचलता येत नाही. बंगालीत ‘भद्रता’ आहे. पण तिला भद्रलोक चिकटलेले, आणि मराठीत ‘भद्र करणे’ म्हणजे मुंडण. गुजरातीत ‘विवेक’ म्हणजे सौजन्य, विनय. मराठीत विवेक हा सारासार विचार, संतांच्या घरचा शब्द, त्याला मेजवानीच्या टेबलावर आणणे बरे दिसणार नाही. कन्नड आणि मल्याळम यांत ‘मर्यादा’ सौजन्याच्या अर्थाने रुळली आहे, तमिळमध्ये ‘मरियादै’ हा मानसन्मान. मराठीत मर्यादा ही ओलांडू नये अशी रेषा, आणि ती बहुधा स्त्रियांसाठी आखलेली; शिवाय त्या नावाची कंपनी निघाली तर तिला ‘मर्यादा मर्यादित’ म्हणावे लागेल. तिरुक्कुरळाच्या शंभराव्या अधिकाराचे नाव ‘पण्बुडैमै’, गुणशीलता. हा शब्द माणसाच्या अंगभूत गुणाविषयी आहे, आणि तमिळमध्ये तो ज्या आदराने उच्चारला जातो त्याचा हेवा वाटावा.

उलट दिशेनेही एक शब्द गेलेला आहे. १९२२ साली पॅरिसमध्ये सुनीतिकुमार चटर्जी यांना एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळले, की मराठीत ‘कल्चर’साठी ‘संस्कृती’ हा शब्द वापरतात. बंगालीत तेव्हा ‘कृष्टि’ चालू होता आणि रवींद्रनाथांना त्यातला शेतीचा वास आवडत नसे. ‘संस्कृती’ त्यांना पसंत पडला आणि बंगालीने तो उचलला. नामकरणात एका भाषेची अडचण दुसरीने सोडविल्याचे हे उदाहरण आहे. मात्र तेथे एका कल्पनेला नाव हवे होते. पाटी नव्हती, शुल्क नव्हते, आणि त्या नावाखालून कोणाला आत जावयाचे नव्हते.

‘सभ्य’ हा शब्द आतापर्यंत बाजूस ठेवला होता, तो आता घ्यावयास हवा. सभेत साधू, म्हणजे सभेस योग्य, तो सभ्य. पाणिनीनेही ‘सभा’ या शब्दापासूनच त्याची सिद्धी केली आहे. कुळ, गुरू, दरबार यांपैकी कशाचाही आधार न घेता चार माणसांच्या एकत्र येण्याचा आधार घेणारा हा शब्द. अर्थदृष्ट्या तो सर्वांत स्वच्छ. पण आधुनिक मराठीत त्याचे नकारार्थी रूपच जिवंत आहे: ‘असभ्य वर्तन’ हे पोलिसांच्या फिर्यादीतले शब्द, आणि ‘सभ्य गृहस्थ’ म्हणजे ज्याने अजून काही केलेले नाही असा माणूस.

७

या सगळ्या अडचणींना कंटाळून मराठी व्यवसायाने एक पळवाट फार पूर्वीच काढली आहे: ‘व्यक्तिमत्त्व विकास’. हे नाव यशस्वी का झाले हे उघड आहे. त्यात उणीव नाही, वाढ आहे. घर नाही, व्यक्ती आहे. ते कोणासही दुखवीत नाही. पण ते विषयच बदलून टाकते. शिष्टाचार हा दुसऱ्या माणसाविषयी असतो. बसलेल्याच्या पुढून जाताना वाकावे, जेवणाऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, दुःखाच्या घरी जाऊन लवकर उठू नये आणि फार वेळ बसूही नये, यांपैकी एकाही गोष्टीचा व्यक्तिमत्त्वाच्या विकासाशी संबंध नाही. दुसऱ्याच्या सोयीशी आहे. ‘अहो’ कोणास म्हणावे आणि ‘अरे’ कोणास, हा तर मराठीतला सर्वांत नाजूक शिष्टाचार, आणि तो पूर्णपणे समोरच्यावर अवलंबून. ज्या वर्गाचे नाव विद्यार्थ्याचे तोंड आरशाकडे करते तेथे त्याला समोरच्याकडे पाहावयास कसे शिकवावे, हा प्रश्न शिक्षकासच पडावा.

कायद्यानेही एक दिशा दाखविली आहे, जरी तिचा हेतू निराळा असला. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ अन्वये जे चिन्ह केवळ सेवेचा प्रकार वा प्रयोजन सांगते, ते सामान्यतः नोंदविता येत नाही. म्हणजे ‘शिष्टाचार’ किंवा ‘रीतभात’ हे एकेकटे शब्द या धंद्यासाठी आपल्या मालकीचे करून घेण्यात अडचण आहे. वर्णन सर्वांचे असते. सूचक नाव मात्र चालते. सूचकतेच्या बाजूने दोन शब्द विचारात घेण्याजोगे दिसतात.

एक, ‘कित्ता’. मूळ अरबी, तुकडा या अर्थाचा. सुलेखनाचा नमुना म्हणून मराठीत आला आणि ‘कित्ता गिरवणे’ या प्रयोगात रुळला. यात वळणाचा अक्षरसंबंध आहे आणि घरावर ठपका नाही. कित्ता मोठी माणसेही गिरवितात. पण जुन्या हिशेबाच्या कागदांत ‘कित्ता’ म्हणजे ‘वरीलप्रमाणेच’ असाही अर्थ आहे, आणि शिष्टाचार शिकलेल्यांची एकसारखी छापील हसू मिरवणारी रांग पाहिली की तो दुसरा अर्थच खरा वाटू लागतो.

दुसरा ‘ऊठबस’. ‘त्यांची आमची ऊठबस आहे’ यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. दोघेही उठतात, दोघेही बसतात. शब्द क्रियेचा आहे, गुणाचा नाही, म्हणून तो कोणाच्या अंगी काय आहे वा नाही याविषयी बोलत नाही. वर्गात जे शिकवावयाचे ते बहुतांशी शब्दशः ऊठबसच असते: कोण आल्यावर उठावे, कोणी सांगितल्यावर बसावे. ‘पाहुण्यांची ऊठबस’ म्हटले, की मात्र त्यातले श्रम दिसू लागतात, आणि ते श्रम घरातल्या बाईचे असतात. पंक्ती उठेपर्यंत जिचे पान मांडले जात नाही तिचे. शब्दाने ती आठवण ठेवली आहे, आणि हा वर्ग काढणाऱ्याने ती पुसू नये. तेथे पुरुषांना ताटे उचलण्याचा पाठ आरंभीच दिला, तर नावाला अर्थ राहील.

अर्थात नुसत्या ‘ऊठबस’वरून रस्त्याने जाणाऱ्यास ती व्यायामशाळा वाटण्याचा संभव आहे. उठाबशा फार दूर नाहीत. तेव्हा नावाखाली दुसरी एक ओळ लागेलच, आणि तिच्यात ‘शिष्टाचार’ हा शब्द घालता येईल. बारीक अक्षरांत तो फारसा डिवचत नाही.